साडेसात सामने

बास्केटबॉलच्या गुणपत्रकात पास देणाऱ्यासाठी रकाना नसतो. निदान आमच्याकडच्या छापील कागदावर नव्हता. चेंडू जाळीतून गेला की टाकणाऱ्याच्या नावापुढे दोन, फ्री थ्रो गेला तर एक, धक्काबुक्की केली तर फाऊलची फुली. तिघांच्या मधून वाट काढून ज्याने चेंडू नेमका टाकणाऱ्याच्या हातात पोहोचवला, त्याची कागदावर काही खूण उरत नसे. मी शाळेत गणित शिकवीत असे आणि हंगामात शनिवार-रविवारी बेळगावच्या सिमेंटच्या मैदानावर गुणलेखकाच्या टेबलाशी बसत असे. सत्तरचे दशक तेव्हा संपत आले होते.

स्पर्धा लहानच होती. बेळगाव, कंग्राळी, निपाणी, संकेश्वर असे धरून सहा संघ. प्रत्येकाने दुसऱ्याशी दोनदा खेळायचे, म्हणजे प्रत्येक संघाचे दहा सामने. खेळण्याचे पैसे कोणालाच मिळत नसत. मिळायची ती हंगामाच्या शेवटी तीन पारितोषिके: सर्वाधिक गुण, उत्कृष्ट बचाव आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. या तिसऱ्यासाठी मंडळात दरवर्षी वाद होई, आणि तो कसा मिटवला जाई हे सांगितल्याशिवाय माझा वैताग वाचकांना समजणार नाही. एक पारितोषिक बेळगावला, एक निपाणीच्या बाजूला, एक कन्नड बोलणाऱ्या खेळाडूला, आणि त्यांतले मोठे, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचे, कोणाला ते पाळीपाळीने. सीमाभागात कोणाचे मन दुखवायचे नाही म्हणून ही वाटणी. खेळ कोण कसा खेळला, हा प्रश्न त्यात येतच नसे.

म्हणून मी एक वेगळी वही सुरू केली. बास्केट करून देणाऱ्या पासला एक गुण, प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेतला तर एक, बोर्डावरून परतलेला चेंडू पकडला तर अर्धा, फाऊलला वजा एक. संपूर्ण हंगाम मी हे शिसपेन्सिलीने टिपले आणि शेवटी तक्ता मांडला. तक्त्यात सर्वांच्या वर होता निपाणीचा एक बुटका गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून इतरांना पास देणारा खेळाडू. त्याने स्वतः फार बास्केट केल्या नव्हत्या. विहाराजवळच्या गल्लीत राहायचा, आई विड्या वळायची, तो स्वतः तंबाखूच्या वखारीत कामाला होता. त्याच्या बनियनला तंबाखूचा वास इतका असे, की कंग्राळीचे खेळाडू म्हणत, "ह्यो अंगावर आला की आमी शिंकतोय, आन् तेवढ्यात चेंडू घिऊन जातोय बघा."

शेवटच्या सामन्यानंतर तो माझ्या टेबलाशी आला. हातात घडी घातलेला अर्ज होता.

"सर, सरकारी ऑफिसात खेळाडूंची भरती हाय. हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचं सर्टिफिकेट लागतंय म्हणं. आन् वयाचं हे शेवटचं वरीस हाय माझं."

"माझ्या तक्त्यात तू पहिला आहेस," मी म्हणालो. सांगायला नको होते. पण तक्ता माझा होता आणि त्याचा मला अभिमान होता.

मंडळाची बैठक रविवारी सकाळी अध्यक्षांच्या ओसरीवर भरली. अध्यक्ष वकील होते. चिटणीस एका बँकेत कारकून, घरची भाषा कन्नड. तिसरे निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. त्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि तो गार्ड त्यांच्याच वखारीत कामाला होता. चौथा मी. मध्ये परातीत भडंग होते, आणि पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या तक्त्यावर तेलाची बोटे उमटली.

"मास्तर, अर्धा गुण कशाला दिलाय हो?" अण्णा तक्ता उलटा धरून म्हणाले. "अर्धा चेंडू धरला काय त्यानं?"

"अल्ल री, तसं नाही अण्णा," चिटणीस हसले, "मास्तर शाळेत पण असंच करतात. पोरगं पास, पण अर्ध्या मार्कानं!"

मी संयम ठेवला. उभा राहिलो आणि पंधरा मिनिटे बोललो. पारितोषिक गावाला नसते, भाषेलाही नसते, ते खेळाला असते. ही वाटणी थांबली पाहिजे. मंडळाने गेल्या वर्षी नियम केले आहेत, ते इतिवृत्तात आहेत. यंदापासून निर्णय नियमांप्रमाणे व्हावा, वाटणीने नव्हे. मी तसा ठराव मांडला. अध्यक्षांनी अण्णांकडे पाहिले, अण्णांनी चिटणिसांकडे.

"व्हय, करा की," अण्णा म्हणाले. "किती बोलताय! चहा निवला."

ठराव मंजूर झाला. इतक्या वर्षांत माझे काही इतक्या सहज प्रथमच मान्य झाले होते. मग मी गार्डचे नाव सुचवले.

अध्यक्षांनी चष्मा लावला, इतिवृत्ताची वही उघडली आणि वकिलाच्या आवाजात वाचले, "सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकासाठी संबंधित खेळाडूने आपल्या संघाच्या एकूण सामन्यांपैकी किमान तीन चतुर्थांश सामने खेळलेले असावेत." मग वही माझ्याकडे फिरवली. "मास्तर, अक्षर तुमचंच ना?"

अक्षर माझेच होते. आदल्या वर्षी एका संघाने शेवटच्या दोन सामन्यांपुरता बाहेरगावचा उंच खेळाडू आणला होता आणि पारितोषिक तोच घेऊन गेला होता. तसे पुन्हा होऊ नये म्हणून नियम मीच सुचवला, मीच लिहिला, स्वल्पविराम तपासून. तक्ता मांडताना मात्र तो माझ्या ध्यानातच आला नव्हता.

"दहाचे तीन चतुर्थांश?" अध्यक्षांनी विचारले, जणू वर्गात मी फळ्यापाशी उभा होतो.

"साडेसात."

"आणि हा किती खेळला?"

"सात."

"मग अर्धा सामना कमी पडतोय री," चिटणीस हळूच म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

मी अण्णांकडे वळलो. "अण्णा, ते तीन सामने त्याचे का चुकले, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या वखारीनं त्याला सोडलं नाही."

"हंगामात कुणालाच सोडत न्हाय मी, मास्तर. तुमचा खेळाचा हंगाम, माझा तंबाखूचा. दोनी एकाच वक्ताला येत्यात, त्येला मी काय करू?" मग त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून भडंगाच्या परातीशेजारी ठेवली. तिच्यावर त्याच गार्डचे नाव होते. "आन् ऐका. यंदा मोठ्या बक्षिसाची पाळी निपाणीची हुती. मी ह्याचंच नाव घिऊन आलतो की! तुमीच वाटणी बंद केली."

ज्या पद्धतीवर मी पंधरा मिनिटे टीका केली, तिने पारितोषिक योग्य माणसाला दिले असते. माझ्या पद्धतीने ते त्याच्याकडून काढून घेतले. मी म्हणालो, नियम शिथिल करावा. अध्यक्ष म्हणाले, "अकरा वाजता नियम पाहिजे आणि साडेअकराला नको? हरकत नाही. तुम्ही इतिवृत्तात एक ओळ लिहा, गेल्या वर्षी केलेला नियम चुकीचा होता. सही करा. आम्ही तिघंही सही करतो."

त्यांनी लेखणी माझ्यापुढे ठेवली. मी ती उचललीही.

त्या वेळी माझ्या डोक्यात जे आले ते प्रामाणिकपणे लिहितो. नियम चुकीचा नव्हता, असे मला वाटत होते. त्याचा हेतू योग्य होता. फक्त तो लिहिताना मी वखारीत काम करणाऱ्या माणसाचा विचार केला नव्हता. तेव्हा ‘चुकीचा’ हा शब्द अचूक नाही, ‘अपुरा’ म्हणावे, असे मी अध्यक्षांना समजावू लागलो. दोन शब्दांतला भेद उदाहरण देऊन सांगितला. अण्णा उठून चपला शोधू लागले, त्यांना संकेश्वरला जायचे होते. अध्यक्ष म्हणाले, "बरं, मग नियम राहू दे. चिटणीस, संकेश्वरच्या संघातल्या त्या साखर कारखान्याच्या मुलाचं नाव लिहा. दहा सामने, सर्वांत जास्त गुण." चिटणिसांनी लिहिले. लेखणी माझ्या हातात असल्यामुळे त्यांनी खिशातली दुसरी काढली.

पुढच्या आठवड्यात मी निपाणीला गेलो. वखारीच्या दारात तो पोती मोजत होता. मी त्याला सगळे सांगितले, अण्णांची चिठ्ठी आणि मी न लिहिलेली ओळ यांसह. माझ्या सहीचा तक्ताही दिला. अर्जाला जोडता येईल असे म्हणालो.

त्याने तक्ता वाचला, बोट ठेवून, ओळ न ओळ. "ह्ये पास तुमी सगळं मोजलं व्हतंसा?"

"सगळे."

"मग तवा ती एक ओळ लिवायला काय झालं व्हतं, सर?"

त्याने तक्ता घडी घालून परत माझ्या हातात दिला. "ऑफिसात ह्यो चालत न्हाय. इचारून आलोय." मग आतून कोणीतरी हाक मारली आणि तो गेला.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत मी दुरुस्ती मांडली: उपजीविकेच्या कामामुळे चुकलेले सामने मोजणीतून वगळावेत. कोणीही वाद घातला नाही. दोन मिनिटांत मंजूर झाली. त्या नियमाने त्या वर्षी तो गार्ड पात्र ठरला, आणि सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकमताने निवडला गेला. प्रमाणपत्र मी माझ्या हाताने, चांगल्या शाईने लिहिले. ते घ्यायला तो आला नाही. भरतीचे वय उलटून गेले होते, आणि तो रविवार वखारीत कामाचा होता.