ई-सिगारेटचा उरलेला अर्धा लॉट

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी बुधवार पेठेतला तो दुकानदार विसरता येत नाही. ई-सिगारेटवर देशभर बंदी आली, त्या आठवड्यातली गोष्ट. ज्याच्याकडे माल शिल्लक असेल त्याने तो आपणहून पोलीस ठाण्यात जमा करावा, असा आदेश होता. मी त्या हद्दीत वरिष्ठ निरीक्षक होतो. कोणी येईल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

दुसऱ्याच दिवशी हा माणूस रिक्षात खोकी भरून हजर! मूळचा अमरावतीकडचा, मोबाईलच्या सामानाचं छोटं दुकान. आयटीतली मुलं मागतात म्हणून गावाकडचा प्लॉट विकून त्याने हा माल भरला होता. प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर त्याने यादीत लिहून आणला होता.

"याची भरपाई भेटंल का जी?"

"नाही."

"बरं. मग पावती तरी नीट द्या."

पंचनामा झाला, खोकी मुद्देमाल खोलीत गेली.

काही महिन्यांनी खबऱ्याकडून कळलं, वाघोलीत कॉलेजांच्या आसपास तसाच माल चौपट भावाने विकला जातोय. तिथल्या ठाण्याला कळवून साध्या वेशातल्या आमच्या माणसांनी एका विक्रेत्याला मालासह पकडलं. त्याने लगेच या दुकानदाराचं नाव घेतलं.

"सर, निम्मा जमा केला, निम्मा दाबला," माझा उपनिरीक्षक म्हणाला. "सरळ आहे."

मला ते जरा जास्तच सरळ वाटलं. मी विक्रेत्याला विचारलं, "दुकानात किती पायऱ्या चढून जावं लागतं?"

"पायऱ्या कशाला? रस्त्यालगतच आहे की."

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. पढवलेला माणूस नाव पाठ करून येतो, जिना विसरतो.

तरी दुकानदाराला बोलावणं भाग होतं. तो आला तो संतापूनच.

"लपवायचंच असतं तर पहिल्या दिवशी काहून आलो असतो, साहेब? एक डाव नुकसान सोसलं, आता चोरही मीच?"

मी त्याची यादी काढून विक्रेत्याकडून जप्त केलेल्या मालाशेजारी ठेवली. त्याचे नंबर जिथे संपत होते, तिथून पुढे जप्त मालाचे सुरू होत होते. त्याने वाकून दोन्हीकडचे नंबर ताडून पाहिले. मी चहा मागवला. अर्ध्या कपानंतर तो म्हणाला, "हा लॉट मी अर्धाच उचलला होता. बाकीचा ठोक व्यापाऱ्याकडंच राहिला."

त्या व्यापाऱ्याने आपल्याकडे काहीही शिल्लक नाही, असं आम्हाला लेखी दिलं होतं.

"हे जबाबात लिहून द्याल?"

"माझे चार्जर, कव्हर, सगळं त्याच्याकडून येते. जबाब दिला तर बाजारात कोणी मला माल देणार नाही."

ते खरंच होतं. मी जबरदस्ती केली नाही. उरलेला चहा संपवून त्याने पेन मागितलं.

त्या जबाबावरून व्यापाऱ्याच्या टेम्पोवर पाळत ठेवली आणि धायरीतलं एक गोदाम सापडलं. जागेचा मालक गावातला जुना शेतकरी. "त्यो म्हनला, औषधाचा माल हाय. भाडं दुप्पट देत हुता, म्या कशाला इचारू?" आत छतापर्यंत खोकी होती.

चौकशीत व्यापारी शांत होता. "अहो साहेब, बंदी आली आणि सगळे स्पर्धक एका रात्रीत संपले. गिऱ्हाईक तेवढंच, भाव मी ठरवायचा. असा धंदा पुन्हा कधी मिळणार?" विक्रेत्याला दुकानदाराचं नाव त्यानेच शिकवलं होतं. प्रामाणिकपणे माल जमा करणाऱ्यांत तेच एक नाव त्याला ठाऊक होतं.

न्यायालयात दुकानदार उलटतपासणीत तासभर उभा राहिला, एक शब्द फिरवला नाही. आरोपीला शिक्षा झाली. बाजाराने खरोखर दुकानदाराचा माल तोडला. त्याने मोबाईल दुरुस्ती सुरू केली. पहिलं वर्ष कठीण गेलं, पण दुकान टिकलं.

या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. त्याचा अभिमान आहेच. पण अधिक अभिमान आहे तो त्या दिवशी सोपं उत्तर न स्वीकारल्याचा. बंदीचा आदेश दिल्लीतून निघतो. त्याची झळ सोसून तो पाळणारा माणूस मात्र आपल्या हद्दीत राहतो, आणि त्याला चोर ठरू न देणं हे पोलिसाचं काम आहे. ते मी केलं.