उलटे सर

आमच्या स्टाफरूममध्ये उलटे सरांची खुर्ची होती, पण ते तिच्यावर बसलेले मला फारसे आठवत नाहीत. वह्या तपासायच्या त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, उभ्यानं. चहा व्हरांड्यात येरझारा घालत. हातात खडूचा तुकडा असायचा आणि तो ते इतका चोळायचे, की दुपारपर्यंत विजारीचे खिसे पांढरे व्हायचे. ‘सर, बसा की जरा,’ म्हटलं तर म्हणायचे, ‘बसलो की डोकं पळायला लागतं. त्यापेक्षा पाय पळालेले बरे.’

त्यांचं खरं आडनाव वेगळं. ‘उलटे’ हे मुलांनी ठेवलेलं. शाळा रत्नागिरीजवळच्या, किनाऱ्यावरच्या एका गावातली. सर मूळचे संगमेश्वरकडच्या शेतकरी घरातले, राहायला मिरजोळ्यात. तिथून रोज मोटारसायकलवर यायचे. शिकवायचे इतिहास, पण वर्गात जुंपली की मुलं मुख्याध्यापकांच्या आधी सरांना गाठायची. सर त्या दोघांना ग्रंथालयात न्यायचे, दार लोटायचे आणि म्हणायचे, ‘आता उलट सांग.’ म्हणजे दीपकनं सुयोग व्हायचं आणि सुयोगनं दीपक. दीपकनं म्हणायचं, ‘मी सुयोग. दीपकनं माझ्या सायकलची हवा सोडली, मला पार घरापर्यंत ती ढकलत न्यावी लागली.’ समोरचा ‘हो, असंच झालं’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. तोवर ‘सॉरी’ला बंदी. ‘सॉरी म्हणून पळ काढता रे तुम्ही,’ सर म्हणायचे. स्वतः खोलीभर फिरत असायचे, मुलांना मात्र सांगायचे, ‘घाई मला आहे. तुम्ही सावकाश बोला.’

आणखी एक नियम होता. त्या खोलीत जो जे बोलला, ते बाहेर सांगायचा हक्क फक्त त्याचा. ऐकणाऱ्यानं सांगायचं नाही. सरसुद्धा पालकांना सांगत नसत.

मी तेव्हा नवी, विज्ञान शिकवणारी. मला हा सगळा प्रकार नाटकी वाटायचा. एकदा माझं गणिताच्या बाईंशी वाजलं. त्या दहावीचे माझे तास परस्पर घेत होत्या. सरांनी आम्हा दोघींनाही सोडलं नाही. मी गणिताच्या बाई होऊन बोलू लागले, ‘मुलं नापास झाली की सगळे मलाच धरतात,’ आणि मध्येच थांबले. मला ते पटलं असं नाही; उलट चिडलेच. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना.

त्या वर्षी गाव जाळ्यांवरून पेटलेलं होतं. एकीकडे पर्ससीनवाले, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या बोटी. दुसरीकडे छोट्या होड्यांवाले. एका सकाळी चार होड्यांची जाळी समुद्रात फाटून चिंध्या झालेली सापडली. मोठी बोट वरून गेली हे उघड होतं. कुणाची, ते कुणी कबूल करेना.

दुसऱ्या दिवशी नववीत माझा तास चालू असताना मानसी उठली आणि भर वर्गात प्राजक्ताला ‘चोराची पोर’ म्हणाली. मानसीचे वडील छोट्या होडीवाले, त्यांचं जाळं गेलेलं. प्राजक्ताचे वडील मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमानं चालायची. पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या मुली. प्राजक्तानं मानसीची प्रयोगवही ओढली आणि टराटरा फाडली.

सर फाटलेली पानं उचलून दोघींना ग्रंथालयात घेऊन गेले. मला म्हणाले, ‘तुमच्या तासाला झालंय, तुम्हीही या.’

आधी प्राजक्ता मानसी झाली. ‘मी मानसी,’ ती म्हणाली. ‘आमचं जाळं फाटलं. बाबा कालपासून जेवले नाहीत. आणि प्राजक्ताला माहीत आहे, तिच्या बाबांनीच...’

ती थांबली. सरसुद्धा उभ्या जागी राहिले.

मग ती रडायला लागली. वडिलांना आईशी बोलताना तिनं ऐकलं होतं: बोट होडीवाल्यांच्या जाळ्यांवरून गेली, त्यांनी जाळी पाहिली होती, तरी बोट वळवली नाही. ‘बाबांना पोलीस नेतील,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मानसी टेबलावरची फाटलेली पानं गोळा करू लागली.

सर प्राजक्ताला म्हणाले, ‘हे कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. नाही ठरवलंस तरी मी आहे.’

मानसीनं घरी तोंड उघडलं नाही. पण बापाला कळलं की पोरगी काहीतरी लपवतेय. तिसऱ्या दिवशी चारही होडीवाले शाळेच्या फाटकाशी आले.

‘सर, तांडेलाची पोरगी काय बोल्ली ती सांगा. आमचा नुकसान झालाय.’

‘नुकसान झालंय, खरं आहे. पण मी सांगणार नाही.’

‘तुमी वरच्या अंगाचे, शेतीवाले. तुमाला दर्यातला काय कळतंय?’

‘काहीच कळत नाही,’ सर म्हणाले. खडू मुठीत धरलेला होता.

बोटवाल्यांनाही सुगावा लागला. त्यांनी सरांच्या घरी दोन मोठ्या सुरमया पाठवल्या. सरांनी त्या आल्या पावली परत केल्या, तर हे मास्तर आता बोलणार म्हणून तेही बिथरले. दोन्हीकडून संस्थेकडे तक्रारी गेल्या. सरांची गुहागरकडच्या शाळेत बदली निघाली.

मला ते गुपित सहन होत नव्हतं. व्हरांड्यात त्यांच्यामागून चालत मी म्हटलं, ‘सर, सांगून टाका. त्या माणसांचा काय दोष?’

‘आज सांगितलं तर उद्या त्या खोलीत कोण खरं बोलेल?’

‘आणि नाही सांगितलं तर?’

‘तर चौदा वर्षांच्या पोरीवर अख्ख्या गावाचं ओझं टाकलं मी.’ ते कठड्याशी जाऊन परत आले. ‘बाई, मला झोप लागत नाही.’

रोज मधल्या सुट्टीत ते प्राजक्ताला एवढंच विचारायचे, ‘डबा खाल्लास?’ ती मान हलवायची. मला कळायचं, खाल्लेला नाही.

अखेर एका दुपारी तिनंच वडिलांना सांगितलं, ‘बाबा, मी शाळेत बोलले.’ पुढचं मला मानसीनं सांगितलं. प्राजक्ताचे वडील दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मानसीच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात आले. तिचे वडील फाटलं जाळं पसरून बसले होते. हे समोर बसले आणि म्हणाले, ‘माझ्याच बोटीखाली गेली. मी बगितलंवतं.’ वाडी जमली. एकानं हात उगारला, दुसऱ्यानं तो धरला. मानसीचे वडील खाली मान घालून विणतच राहिले. मग एक दोरा भरलेली सुई त्यांनी समोर टाकली. दोघं संध्याकाळपर्यंत जाळं सांधत बसले. पुढचे आठ दिवस तेच.

बोटमालकानं तांडेलाला कामावरून काढलं. जाळ्यांचं भांडण काही मिटलं नाही. ते आजही चालू आहे. सरांची बदलीही टळली नाही.

ते निघाले त्या दिवशी फाटकाशी मी म्हटलं, ‘सर, तुमचंच बरोबर ठरलं.’

ते एकदम चिडले. ‘असं म्हणू नका. तिच्या बापानं तिला मारलं असतं तर? घराबाहेर काढलं असतं तर? तेव्हाही तुम्ही बरोबरच म्हणाला असतात?’ त्यांनी मोटारसायकलला दोनदा किक मारली, ती तिसऱ्यांदा सुरू झाली, आणि ते गेले.

मागच्या महिन्यात रत्नागिरीच्या बाजारात प्राजक्ता भेटली. आता एका दवाखान्यात काम करते. सरांचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, ‘बाई, खूप राग होता मला त्यांचा. त्यांनी सांगून टाकलं असतं तर मी सुटले असते. रोज वाटायचं, आज सांगतील, आज सांगतील.’ मग हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, ‘पण मग बाबा स्वतःहून गेले नसते. आता म्हातारपणी ते तेवढं एकच सारखं सांगत असतात.’

मी तिथंच उभ्या उभ्या गुहागरला सरांना फोन लावला. कोण समोर आहे ते सांगितलं. ते म्हणाले, ‘तिला बोलायचं असेल तरच द्या.’

तिनं फोन घेतला आणि नारळवाल्याच्या पलीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी तिची पिशवी सांभाळत थांबले. दहा-पंधरा मिनिटांनी ती परत आली. ओढणीनं तोंड पुसलं, फोन माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, ‘बाई, गुहागरची सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते?’