गिरणीत शिकलेली प्रार्थना

"चालू ठेवा आक्का, चालू ठेवा!"

फादर माझ्या गिरणीच्या दारात आले की दोन्ही हात हलवत हेच ओरडायचे. कुणी मोठं माणूस दारात आलं की आपण गिरण थांबवतो, निदान "या, बसा" म्हणण्यापुरती तरी. मी बटणाकडं हात नेला रे नेला की या माणसाच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. गिरण बंद झालेली त्यांना चालायची नाही. का चालायची नाही ते सांगते, पण आधी माणूस तुमच्या डोळ्यांपुढं येऊ दे.

अंगानं काटकुळे, उंच. पांढरा झगा फक्त चर्चमध्ये, एरवी बाह्या वर सारलेला चौकड्यांचा शर्ट. एक पाय माझ्या पायरीवर आणि एक रस्त्यावर. चहा उभ्यानं आणि तोही अर्धाच. वाक्यंसुद्धा अर्धी सोडायचे आणि उरलेलं अर्धं मोटारसायकलवर बसून बोलायचे, ते कुणाला ऐकू यायचं कोण जाणे.

"बसा की फादर, खुर्चीला काटं न्हाईत," मी म्हणायची.

"बसलो की उठवत न्हाय आक्का," असं म्हणेस्तोवर ते वळणापलीकडं.

माझी गिरण चर्चच्या फाटकासमोर. मी त्यांच्या धर्मातली नव्हे, पण फाटकासमोर जन्म काढला की सगळं कळतं. किती फादर आले आणि गेले. एकांना गुलाबाचं वेड, फुलाला हात लावला की अंगावर यायचे. एक फुटबॉलवाले, पहाटे शिट्टी फुंकून अख्खं गाव उठवायचे. एक इतके गरीब स्वभावाचे की चर्चमागच्या त्यांच्या बंगल्यात दिवा लागला तरच ते आहेत हे समजायचं. मे महिना आला की बदलीचा कागद यायचा आणि माणूस एका ट्रंकेनिशी निघून जायचा. आपण जीव लावायचा आणि यांनी उठून जायचं, ही काय रीत झाली? मला तर दर खेपेला राग यायचा.

आता फौजी आप्पांचं सांगते, त्यांच्याशिवाय हे पुढं जायचं नाही. आप्पा मिलिटरीतून रिटायर झालेले, जातीवंत ख्रिस्ती, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे. त्यांची बायको लुसीमावशी गडहिंग्लजकडची. तिला मराठी सोडून दुसरं काही यायचं नाही. बाजारात कानडी बाईशी घासाघीस करायची झाली तरी मला हाताला धरून न्यायची. ती गेली तेव्हा इथं दुसरे फादर होते, अगदी नवे, मराठीचा गंध नसलेले. त्यांनी आपले सगळे विधी मनापासून केले, पण कानडीतून. आप्पा शेवटपर्यंत ताठ उभे राहिले. घरी आले आणि मला म्हणाले, "तिला कळलंच न्हाय गं, आपल्याला काय म्हणालेत ते. न कळताच गेली."

त्या दिवसापासून आप्पांनी चर्चची पायरी सोडली. आमचं गाव सीमेवरचं, लोकांनी त्याचा भाषेचा वाद केला. एक जण म्हणे आप्पा सीमावाले, दुसरा म्हणे आप्पा हट्टी. आप्पांना त्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या बायकोला तिच्या भाषेत निरोप मिळाला नव्हता, एवढंच त्यांच्या घशात अडकलं होतं.

आमचे हे फादर आले आणि पहिल्याच आठवड्यात आप्पांच्या दारात जाऊन उभे राहिले. हे कारवारच्याही पलीकडचे. घरात कोंकणी, शाळा कानडी, मराठी आपली लंगडत लंगडत. दारातून कानडीत नमस्कार केला आणि दार तोंडावर बंद झालं. तसेच तरातरा माझ्याकडं आले. "आक्का, काय चुकलं माझं?" मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो माणूस जोंधळ्याच्या पोत्यावर बसला. बसलेला पाहिला तो तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी बगलेत प्रार्थनेचं पुस्तक घेऊन हजर. "मला मराठी मोठ्यानं वाचायचंय. बंगल्यावर वाचलं तर स्वयंपाकाच्या बाई हसतात. चर्चमध्ये वाचलं तर बाकीचे. इथं कुणाला ऐकू येणार न्हाय."

अशी ती शाळा सुरू झाली. गिरण घरघरतेय, पीठ उडतंय आणि कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून फादर घसा फोडून वाचतायत. आम्हाला दिसायचे फक्त ओठ. भिवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. एकदा काय झालं, करंट गेला. गिरण एकदम गप्प झाली आणि फादरांचा आवाज सगळ्या गल्लीभर घुमला, "हे प्रभो, तुझ्या सेविकेला चिरविश्रांती दे!" दळणाला आलेल्या एका बाईच्या हातातला डबाच पडला. "अगं बया! कोण गेलं गं?" म्हणून ती रस्त्यावर पळत सुटली. आम्ही पोट धरधरून हसलो. फादरही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्यानंतर बायका धीट झाल्या. "फादर, चिरविश्रांती कोण म्हणतंय हो?"

"मग काय म्हणायचं?"

मी तेव्हा एकीच्या डोक्यावर दळणाचा डबा चढवत होते. नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "जा गं बाई, सांभाळून जा."

"हे सगळ्यांना म्हणता तुम्ही?" फादरांनी विचारलं.

"ओझं घेऊन निघालेल्याला म्हणावंच लागतंय की."

मे महिना जवळ आला तसा मलाच घोर लागला. त्यांच्यात नोव्हेंबरात मेलेल्या माणसांचा दिवस असतो. कबरी सारवून, धुऊन, फुलं घालून मेणबत्त्या लावतात आणि फादर एकेका कबरीवर पाणी शिंपडत जातात. त्या दिवशी लुसीमावशीच्या कबरीवर मराठीतून प्रार्थना करायची, आणि आप्पांनी तिथं असायचं, असं फादरांनी मनाशी धरलं होतं. त्याच्या आत बदली झाली तर सगळंच मुसळ केरात. मी विचारलं, तर म्हणाले, "बिशपांना सांगितलंय, नोव्हेंबरपर्यंत तरी..." आणि गेले. अर्ध्या वाक्यावर मी आख्खा उन्हाळा काढला. कागद आला नाही तेव्हा मी माझ्या देवाला नारळ फोडला. कुणाला सांगितलं नाही.

फादर आप्पांकडं जातच राहिले. आप्पा दार उघडायचे, चार शब्द सुनवायचे आणि लावून घ्यायचे. "आज त्यांनी मला मराठीत शिव्या दिल्या आक्का, सगळ्या समजल्या!" असं सांगताना त्यांना कोण आनंद झाला होता.

तो दिवस आला. संध्याकाळी कबरस्तानात ही गर्दी. आप्पा आले, पण कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले. मी म्हटलं, "आप्पा, आत चला की."

"मी न्हाय येत. हितं उभा हाय. रस्ता सरकारचा हाय."

मग मीही तिथंच उभी राहिले. फादर एकेक कबर करत येत होते, नेहमीपेक्षा जास्तच घाईत, झग्याचा सोगा गवतात अडकत होता. लुसीमावशीच्या कबरीशी आले. पुस्तक उघडलं. पहिल्या दोन ओळी खणखणीत म्हणाले आणि अडले. ओठ हलेनात. करंट गेला तो दिवस सोडला तर गिरणीत त्यांना आपला आवाज कधी ऐकू आलाच नव्हता आणि इथं एवढी माणसं कान देऊन उभी. शेजारचा म्हातारा आता पाठ फिरवतोय बघा, असं वाटलं.

फादरांनी पुस्तक मिटलं. खाली वाकले, कबरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लुसीमावशी, जा गं बाई. सांभाळून जा. हितली काळजी करू नगंस. आप्पांकडं आम्ही हाय."

एखादी सासुरवाशीण वेशीपर्यंत पोचवावी तसं म्हणाले हो. पुस्तकातलं एक अक्षर नव्हतं त्यात. पुढची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. माझ्या शेजारून आप्पा निघाले. फाटकातून आत गेले, वाटेतल्या मेणबत्त्या चुकवत कबरीपाशी पोचले आणि फादरांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरागत रडले. मीही रडले, उगाच लपवत नाही. आणि फादर? इतका वेळ तो माणूस एका जागी उभा राहिलेला मी कधी बघितला नव्हता.

पुढच्या रविवारपासून आप्पा चर्चमध्ये मिस्साला, त्यांच्या प्रार्थनेला, जायला लागले. कानडी असो, कोंकणी असो, मागच्या बाकावर बसून कुरकुर करत का होईना, पण जायचे.

पुढच्या मेमध्ये मात्र कागद आलाच. मला पत्ता नव्हता. मेमध्ये माझ्याकडं श्वास घ्यायला सवड नसते. सगळ्या गावाची वर्षाची चटणी, मिरची कांडायचा डंक धडधडतोय, गिरण चालू, शिंकांनी जीव हैराण. संध्याकाळी फादर दारात आले. मी बटणाकडं हात नेला, तर त्यांचं तेच, हात हलवून, "चालू ठेवा!" मग भिंतीकडं न जाता माझ्याकडं तोंड करून काहीतरी बोलू लागले. आवाजात एक शब्द कळेना. मला वाटलं नवी प्रार्थना घोकतायत. मी मान हलवली, हसले आणि मिरची घोळत राहिले. बराच वेळ बोलले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डंकापुढं कुणाचं वाहत नाही? मग हात जोडले आणि गेले.

सकाळी बंगल्याला कुलूप. पहाटेच्या गाडीनं ट्रंक घेऊन गेले, स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या.

असा राग आला मला! एवढं सगळं बोलायचं होतं तर गिरण बंद करू द्यायला काय झालं होतं? आप्पांना विचारलं, त्यांच्याकडं तर फादर गेलेच नव्हते. "सांगून गेला असता तर मी सोडला असता व्हय त्याला?" आप्पा म्हणाले. आता नवे फादर आहेत. तरुण आहेत, मराठी पुस्तकासारखं स्वच्छ बोलतात. गिरण बंद केली की बसतातसुद्धा.

मी अजून येणाऱ्याजाणाऱ्या बाईच्या डोक्यावर डबा चढवते आणि माझं नेहमीचं म्हणते. ती वळणापलीकडं गेली की रिकाम्या रस्त्याकडं बघून आणखी एकदा म्हणते, "जावा फादर. सांभाळून जावा."

"कुणाला म्हणतीस गं आक्का?" बायका विचारतात.

मी कानाला हात लावून दाखवते, ऐकू येत नाही म्हणून. गिरण चालूच असते. ती मी बंद करत नाही.