दुसरा नंबर

माझा मोबाइल नंबर बदलला, म्हणून आईच्या वृद्धनिवासाच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या सुषमाताईंनी कॉम्प्युटरवर आईची माहिती उघडली, जुना नंबर काढून नवा घातला आणि सहज म्हणाल्या, "तुमच्या आईंचा नंबर मात्र मला पाठच झालाय. सहा जणांच्या पानावर आहे ना!"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, याचे दोन नंबर भरल्याशिवाय ते पान पुढे सरकतच नाही. पहिला नंबर मुलाचा असतो, बहुतेकदा परगावचा. दुसऱ्यापाशी माणसं अडतात. तिथे निवासातल्या सहा जणांनी माझ्या आईचं नाव सांगितलं होतं. नात्याच्या रकान्यात सुषमाताईंनी सहाही वेळा 'शेजारीण' लिहिलं होतं.

आईला इथे सोडून जाताना मी रस्ताभर रडले होते. आता हिला कोणीतरी सांभाळायला हवं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तेवढ्यात आईच दारात आली. चष्मा कपाळावर, हातात औषधाची इवलीशी बाटली.

"झालं का गं तुझं? चहाला थांब. देसाईंच्या डोळ्यांत थेंब घालते नि आलेच."

ती लगबगीनं गेलीसुद्धा. स्क्रीनवर तिचं पान उघडंच होतं. माझं नाव, नवा नंबर आणि त्यापुढे नातं: मुलगी.

आजवर कितीतरी फॉर्मवर मी हा शब्द भरला असेन. त्या दिवशी पहिल्यांदाच तो मानाच्या हुद्द्यासारखा वाचला.