मापाचे सूर

आमचे मेव्हणे वागायला अवघड होते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांचं कौतुकच करणार आहे, तेव्हा घरचा माणूस म्हणून झाकपाक केली असं कुणी म्हणायला नको. त्यांच्या धाकट्या बहिणीशी माझं लग्न झालं आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी मला आपल्या बँडमध्ये डबल बास हे माणसाएवढं तंतुवाद्य घेऊन उभं केलं. बहीण दिलीच आहे, आता हा प्राणी निदान नजरेसमोर तरी राहील, असा त्यांचा विचार असावा. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही म्हणायचो. ते मला जावईबापू म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला सत्तावीस वर्षांत कळलं नाही.

त्यांचे वडील शिंपी होते, शहरातल्या बँडचे गणवेश शिवायचे. एकदा बँडप्रमुखांनी एक पोचे पडलेला ट्रम्पेट दुकानात आणून ठेवला, त्याच्या मापाची पिशवी शिवून द्या म्हणून. पिशवी लांबली. तोवर घरातल्या थोरल्यानं तो तोंडाला लावून सगळी आळी हैराण केली, आणि प्रमुख परत आले तेव्हा ट्रम्पेटबरोबर पोरालाही घेऊन गेले. मिरवणुकीत वाजवणाऱ्या त्या बँडमध्ये मास्तर सहा वर्षं होते. पण जीव जडला होता जॅझवर. रोज दुपारी रेकॉर्डच्या दुकानात उभं राहून एकच तबकडी पुन्हा पुन्हा ऐकायची आणि कोणतं वाद्य कुठे काय वाजवतंय ते कागदावर उतरवायचं, हा त्यांचा उद्योग. दुकानदार वैतागून विचारायचा, "घ्यायची आहे का तबकडी?" हे म्हणायचे, "घेतली," आणि कागद खिशात घालून चालू पडायचे.

एकतिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचा बँड काढला. अकरा माणसं, आणि एका मोठ्या हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये आठवड्यातून चार दिवस काम. सगळ्या गाण्यांची मांडणी, म्हणजे कुणी कुठे काय वाजवायचं ते, मास्तर स्वतः लिहायचे. त्यांच्या घरी जेवायच्या टेबलावर जेवण कमी आणि शाईच जास्त सांडायची. वहिनी त्या कागदांच्या सुबक प्रती काढायच्या आणि नवऱ्याच्या अक्षराला नावं ठेवायच्या.

कागदावर वाद्याचं नाव नसायचं, माणसाचं टोपणनाव असायचं. सॅक्सोफोनवाल्या ढोल्याला दम पुरत नसे, म्हणून त्याच्या कागदावर बरोबर दम लागेल तिथे विश्रांती. पियानोवाला घाबरट होता, त्याला एकट्यानं कधी सुरुवात दिली नाही. दुसरा ट्रम्पेट वाजवणारा बगळा, हा उंच, किडकिडीत आणि न बोलणारा गृहस्थ, फार गोड वाजवायचा, म्हणून त्याला संथ जागा. आणि स्वतः मास्तर? पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य ट्रम्पेट, त्यांची; पण त्यांच्या स्टँडवर कागदच नसायचा. सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत वरचं जे काही असेल ते ते डोक्यातून वाजवायचे. आमच्या एका चालीच्या शेवटी त्यांचा ट्रम्पेट पायरी पायरीनं वर चढत असा काही टोकाला जाऊन थांबायचा की नाचणारी माणसं पाय थांबवून वर बघायची.

मला माझ्या कागदाचं गुपित चौदा वर्षांनी कळलं. मी तापानं पडलो होतो, म्हणून दुसऱ्या बँडचा बासवाला माझ्या जागी आला. त्यानं कागद पाहिला आणि, ढोल्यानं नंतर मला सांगितलं, हसत म्हणाला, "हे कुणासाठी लिहिलंय? सगळ्या मोकळ्या ताराच आहेत." माझा डावा हात मंद आहे. मोकळ्या तारेला डाव्या हातानं काही करावंच लागत नाही. म्हणजे चौदा वर्षं मला सांभाळून घेतलं जात होतं आणि मी मात्र लोकांत कॉलर ताठ करून हिंडत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे पाच महिने मी मास्तरांशी कामापुरतंच बोललो. ते म्हणाले, "जावईबापू रुसलेत," आणि लिहीत राहिले, तसंच.

मास्तर छप्पन्न वर्षांचे झाले तेव्हा त्यांचा वरचा समोरचा दात हलू लागला. ट्रम्पेटवाल्याचा समोरचा दात म्हणजे घराचा खांबच. त्यावर ओठ, ओठावर वाद्य. वर्षभर त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. शेवटी गाल सुजला तेव्हा वहिनींनी त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं दात काढला, खोटा बसवला आणि सांगितलं, "मधले सूर वाजवा हळूहळू. वरचे विसरा."

नेमका त्याच आठवड्यात हॉटेलात नवा मॅनेजर आला. हॉलमध्ये बँडऐवजी रेकॉर्ड लावाव्यात असं त्याच्या डोक्यात होतं. तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी तुमची ती प्रसिद्ध चाल ऐकतो आणि मग ठरवतो, असं तो म्हणाला. अकरा घरं त्या चालीच्या शेवटाला टांगलेली होती.

मास्तर खोलीचं दार लावून तो शेवट घोटू लागले. मी रोज सकाळी जायचो आणि बाहेर बसून ऐकायचो. ट्रम्पेट चार पायऱ्या चढायचा, पाचवीवर फाटायचा. पुन्हा पहिल्यापासून. वहिनी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाल्या, "रोज ओठ रक्तानं भरतो. तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही जावईमाणूस, तुमच्यावर नाही ओरडणार."

ते ओरडलेच. मी आत जाऊन एवढंच म्हणालो होतो, "मास्तर, तो शेवट बगळ्याला द्या."

"तुम्ही बास सांभाळा," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसलोय मी."

"मग निदान स्वतःसाठी सोपं लिहा. आम्हाला लिहिता तसं."

"मला कीव नको कुणाची."

हे शब्द मला झोंबले. जुनी जखम होतीच. मी म्हणालो, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझी कीव करत होता?"

मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला. ओठाला लावलेल्या रुमालावर लाल डाग होते. मग ते म्हणाले, "कीव नव्हती हो. तुमच्या मोकळ्या तारेचा आवाज घुमतो, गोल. तो दुसऱ्या कुणाच्याच हातात नाही. तुम्ही बोटांच्या कसरती करत बसला असता तर तो ऐकू आला नसता. मला तो हवा होता."

पाच महिन्यांचा राग आणि त्यानंतरची दहा वर्षं मनात जपलेली अढी, सगळं एका क्षणात निकालात निघालं. मी तसाच घरी आलो आणि बायकोला म्हणालो, तुझा भाऊ फार मोठा माणूस आहे. ती म्हणाली, "लग्नापासून सांगतेय."

रविवारी दुपारी हॉलमध्ये खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या होत्या, झाडलोट चालली होती. मॅनेजर पुढे एकटाच बसला. वहिनी अगदी मागे, दाराशी. मास्तरांनी आम्हाला नवे कागद वाटले. वहिनींना प्रत काढायला न देता या वेळी सगळं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, म्हणून वाचायला जड जात होतं. मग ते पहिल्या खुर्चीकडे गेले, बगळ्याला दंडाला धरून तिथे बसवलं आणि स्वतः त्याच्या खुर्चीवर बसले. बगळा काही बोलायला लागला. मास्तर म्हणाले, "कागद बघ."

त्यांच्या स्टँडवर त्या दिवशी कागद होता. मी बाजूलाच उभा असल्यानं मला दिसला. अर्धा कागद विश्रांती. उरलेल्या जागी मधले, लांब, सोपे सूर, बगळ्याच्या सुराखाली अंथरलेले. कुठे ओठ थकेल, कुठे दम घ्यावा लागेल, सगळं नेमकं मोजलेलं.

वाजवलं आम्ही. शेवट आता उंच चढत नव्हता, रुंद होत जात होता. बगळ्याच्या गोड वाजवण्याला शोभेल असाच तो नव्यानं लिहिला होता. झाडणारी बाई झाडू हातात धरून थांबली. मॅनेजर उठला आणि म्हणाला, "चालू ठेवा." दोनच शब्द. ढोल्यानं भर हॉलमध्ये बगळ्याला मिठी मारली.

वहिनी मागून चालत पुढे आल्या. पन्नास वाद्यांतून नवऱ्याचा ट्रम्पेट ओळखणारी बाई ती. त्या अगदी हळू म्हणाल्या, "आज तुमचा आवाज कुठेच ऐकू आला नाही हो."

"नाहीच येणार," मास्तर म्हणाले. "तसंच लिहिलंय."

ते हसायला गेले, पण ओठ थरथरायला लागला. वहिनी शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. मला रडू आवरेना, म्हणून मी पाठ केली आणि बासला पिशवी चढवू लागलो.