तिसरा गिअर कधी टाकायचा

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत होती आणि तिसरा पडत नव्हता. म्हणजे थोरल्या भाऊजींचा हात ह्यांच्या खांद्यावरून खाली पडला होता. मी आयर्लंडमधल्या नावन गावात लेकीच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होते. सकाळचे नऊ वाजले होते, तिकडे साताऱ्याच्या बाजूला भर दुपार. फोन ह्यांच्या शर्टाच्या खिशात चालू होता, मोटरसायकलवर मागे त्यांचे थोरले भाऊ तापाने फणफणलेले, आणि दवाखाना अजून नऊ किलोमीटर. टाकीत पेट्रोल किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"तिसरा टाका! अहो, तिसरा!" मी ओरडत होते. ह्यांना ऐकू येणार नव्हतं.

हे खडी क्रशरवर सव्वीस वर्षं होते. कान तिथेच गेले. डाव्या कानाशी ओरडलं तर थोडं कळायचं. लिटरला साठ देणारी गाडी पंचेचाळीसवर आली, तेव्हा हे गॅरेजवाल्याशी भांडायला गेले. तो मागे बसून एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, गाडीला काही झालेलं नाही. तुमचेच कान खोलून बघायला पाहिजेत." इंजिनाचा आवाज कळत नाही म्हणून हे दुसऱ्या-तिसऱ्यावरच रेटत राहायचे. पेट्रोल तिथे जायचं.

त्या दिवसापासून मागे बसून ऐकायचं काम माझं. पहिला गिअर फक्त गाडी हलवण्यापुरता. इंजिनाने आवाज चढवायच्या आत दुसरा, लगेच तिसरा, पस्तीस-चाळीसला चौथा, आणि मग तिथेच ठेवायची. चढाला हिसके द्यायच्या आधी एक खाली. वरचा टाकायचा असला की मी उजव्या खांद्यावर थाप मारायची, खालचा असला की डाव्या. मी शाळेत चार वर्षं गेले आणि गाडी जन्मात चालवली नाही. पण साठ परत आले.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आले आणि कोरोनाने अडकले. त्याला पंधरा महिने होत आले. बरेच दिवस पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा इथला नियम होता. मला कोपऱ्याच्या पुढेही काही काम नव्हतं. समोरच्या घरातला माणूस मोटरसायकल काढायचा आणि राउंडअबाउटच्या चौकापर्यंत दुसऱ्यावरच न्यायचा. मी खिडकीत बसून ऐकायचे. हात शिवशिवायचा. लेक म्हणायची, "आई, तो ग्रँड चालवतो. तुला काय करायचंय?" इथे छानला ग्रँड म्हणतात. शेजारीण कुंपणापलीकडून लेकीकरवी विचारायची, घराची आठवण येते का? मी सांगायचे, घराची नाही, खांद्याची येते. लेक ते तिला सांगायची नाही.

मे महिन्यात भाऊजींना ताप आला, मग धाप लागली. त्यांना न्यायला गाडीवाला कुणी तयार होईना. लॉकडाऊनमुळे पंप फक्त सरकारी गाड्यांना चालू. निघताना हे फोन डाव्या कानाला लावून म्हणाले, "रिझर्व्हला लागून चार दिवस झालं."

"मग पोचणार कसे?"

"मग काय, दादाला नुसतं बघत बसू?"

मी फोन भाऊजींना द्यायला लावला. "भाऊजी, इंजिन ओरडलं की ह्यांच्या उजव्या खांद्यावर थाप मारा."

"जोरात मारू का?" धापा टाकत ते म्हणाले. "ल्हानपणापासनं मनात हाय."

गावाबाहेर पडेपर्यंत गिअर वेळेवर पडले. ओढ्याच्या पुलापुढे चौथासुद्धा. चढाला दुसरा आला, तोही बरोबर. चढ संपला, आणि तिसरा आला नाही.

मी ओट्यावर थापा मारत होते. लेक म्हणाली, "आई, बाबांना नाही ऐकू जाणार."

"मला कळतंय ते."

मग इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. ह्यांचा आवाज आला, "दादा, ए दादा, उतर. टेक हितं." मग धप्प झालं. टाकीच्या एका बाजूला राहिलेलं पेट्रोल दुसरीकडे यावं म्हणून गाडी आडवी केली होती. मी किक मोजल्या. सातवीला लागली. "पाठीला रेल. टॉवेलनं बांधून घेतो तुला," हे म्हणाले.

पुढे पहिला पडला. दुसरा. लगेच तिसरा. चौथा. त्या चौथ्यावरच, एकदाही न ओरडता, गाडी चालत राहिली. मग "स्ट्रेचर आणा" असं कुणीतरी बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर ओरडून विचारलं, "गाडी आडवी केल्यावर पुढं थाप कुणी मारली?"

"कुणी न्हाई. चढावर दादाला सावरताना गिअरकडं ध्यान न्हवतं. मग गुडघं टाकीला दाबून धरलं. थरथर वाढली की कळतंय."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"लई वर्षं झाली की."

"मग मला कशाला हाणायला लावलं एवढी वर्षं?"

"हाणतीस ते बरं वाटायचं. कवा येतीस?"

तिकीट मिळत नव्हतं. "मिळालं की," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी ह्यांना ताप आला. भाऊजींच्या शेजारचीच खाट मिळाली. बारा दिवसांनी हे त्या खाटेवरच वारले. थोरले भाऊजी वाचले.