अझ्नीवबाईंची पांढरी बाटली

बुर्ज हम्मूद या आर्मेनियन वस्तीतल्या त्या गल्लीत अझ्नीवबाईंना नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, समोरची झाबेल. बाकी सगळ्यांच्या त्या बाई. आर्मेनियन शाळेत अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं. गल्लीतले निम्मे सोनार आणि कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांच्याच वर्गातून पुढे गेलेले, कुणी पहिल्या फटक्यात, कुणी तिसऱ्या. बाईंनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर घरात त्या, एक रेडिओ आणि समोरच्या बाल्कनीतून येणारा झाबेलचा आवाज.

बाईंचा धाकटा भाऊ सोनार होता. बंदरात स्फोट झाला त्या वर्षी दुकानाच्या काचांबरोबर त्याचा धीरही गेला. तो बायकोमुलांना घेऊन येरेवानला निघून गेला आणि जाताना अंगठ्या धुवायचं यंत्र बहिणीच्या स्वयंपाकघरात ठेवून गेला. स्टीलचं छोटंसं टाकं; बटण दाबलं की आतलं पाणी बारीक थरथरायचं आणि नक्षीत अडकलेला मळ सुटून यायचा.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात औषधांची दुकानं रिकामी पडली. रक्तदाबाची गोळी मिळाली तर मधुमेहाची नाही, दोन्ही मिळाल्या तर बाळाचं दूध नाही. लोक सायप्रसहून येणाऱ्या पाहुण्याची वाट बघायचे, त्याच्यासाठी नाही, त्याच्या बॅगेसाठी. त्याच दिवसांत बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने परदेशातून एक कृती पाठवली: घरच्या घरी लायपोसोमल क जीवनसत्त्व. जीवनसत्त्वाच्या कणाभोवती चरबीचं अतिसूक्ष्म कवच बसवायचं, म्हणजे ते पोटात वाया न जाता अंगी लागतं, असं त्यात लिहिलं होतं. त्यासाठी लागत होतं नेमकं तसलंच सोनाराचं यंत्र.

कितीतरी दिवसांनी बाईंच्या हाताला काम मिळालं. टाकं त्यांनी सात वेळा घासलं. कवचाच्या चरबीसाठी सोयाबीनच्या लेसिथिनचे पिवळे दाणे रात्रभर पाण्यात भिजवले. जीवनसत्त्वाची आंबट पूड दुसऱ्या भांड्यात विरघळवली, दोन्ही मिक्सरमधून एकजीव केली. मग जनरेटरची वीज आल्यावर मिश्रण टाक्यात ओतून, काचेच्या कांडीने हळूहळू ढवळत उभ्या राहिल्या. वरचा फेस विरत गेला आणि ताकासारखा पातळ, गुळगुळीत पांढरा द्रव उरला. त्यांनी तो बाटलीत भरला, वर तारीख चिकटवली.

"कवच खरंच बनलंय की नुसतं कालवण झालंय, ते मला सांगता येणार नाही," त्या प्रत्येकाला सांगायच्या. "आपल्याकडे तपासायला काही नाही. आणि हे औषध नव्हे. लिंबू पिळून प्यायल्यासारखं समजा."

लोक मान डोलवायचे आणि बाटली छातीशी धरून न्यायचे. कुणी म्हणायचं पाठ दुखायची थांबली, कुणी म्हणायचं भूक लागते. बाई हसून सोडून द्यायच्या.

झाबेलला आणि तिच्या नवऱ्याला, तोरोसला, दोघांनाही हृदयाची एकच गोळी होती. नावही तेच, ताकदही तीच. तोरोसने उभी हयात बायकांचे बूट शिवण्यात घालवलेली. आता बोटं वाकडी झाली होती आणि जिना चढला की ओठ निळे पडायचे. झाबेलचा त्रास त्याच्यापेक्षा कमी, म्हणजे ती तसं म्हणायची.

"अगं अझ्नीव, मला रोज एक पेला देत जा त्या तुझ्या दुधाचा," ती एकदा बाल्कनीतून म्हणाली.

"तुला कशाला? तुझी गोळी चालू आहे ना?"

"चालू आहे. पण आता गोळीवर भरवसा कसला, आज आहे, उद्या नाही. आणि हे बघ, तू स्वतः घेऊन ये. तोरोससमोर दे. बाई म्हणून तुझ्यावर त्याचा फार विश्वास. त्याला जरा बरं वाटेल."

बाईंना त्यात वावगं काही दिसलं नाही. त्या रोज दुपारी पेला घेऊन समोर जायला लागल्या. झाबेल तोरोससमोर तो घटाघटा प्यायची, तोंड वाकडं करायची, मग कॉफी टाकायची. कॉफी पिऊन झाली की कप उपडा करून गाळात बाईंचं भविष्य बघायची.

"इथे एक उंच माणूस दिसतोय बरं का, अझ्नीव. टोपीवाला."

"अडुसष्टाव्या वर्षी?"

"उशीर झालाय त्याला. वाहतूक असते ना."

तोरोस खोकत हसायचा.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पेला खाली ठेवून झाबेल तोरोसला म्हणाली, "खरं सांगू? हे प्यायला लागल्यापासून माझी धाप गेली. गोळीने कधी इतका आराम पडला नव्हता."

तोरोसने बाईंकडे पाहिलं. हे खरं का, असं त्याची नजर विचारत होती. त्याच क्षणी बाईंनी म्हणायला हवं होतं की असं काही नसतं, गोळी ती गोळी. इतरांना त्या दिवसातून दहा वेळा हेच सांगत होत्या. पण अडतीस वर्षांत त्यांच्या रसायनशास्त्राने कुणाची धाप थांबवली नव्हती. त्यांना बरं वाटलं. त्या नुसत्या हसल्या.

सप्टेंबरच्या एका सकाळी झाबेल दोरीवर चादर टाकता टाकता बाल्कनीतच बसली. बाई समोरून हाका मारत राहिल्या. त्या जिना उतरून, गल्ली ओलांडून, वर पोहोचेपर्यंत ती गेली होती. अर्धी चादर तिच्या मांडीवर होती.

अंत्यविधी झाला, नंतरचं जेवण झालं. मुलगी नायिरी मॉन्ट्रियलला होती. तिला येता आलं नाही, फोनवर नुसतं रडणं ऐकू येत होतं. आठवड्याभराने बाई तोरोसकडे गेल्या तेव्हा तो टेबलाशी बसला होता. समोर गोळ्यांची पाकिटं होती.

"बाई, तुम्हाला एक विचारायचंय," तो म्हणाला. "जून महिन्यात आमच्या गोळ्या संपत आल्या होत्या. झाबेल म्हणाली, मला बाईंचं औषध लागू पडलंय, माझ्या वाटच्या तूच घे. मी नको म्हणालो. ती म्हणाली, बाईंना विचार हवं तर. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची, मी गिळेपर्यंत हलायची नाही."

 बाई खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे तिने तीन महिने गोळी घेतलीच नाही?"

"नाही. तुमचं औषध होतं ना. ते गोळीच्या तोडीचंच होतं ना, बाई? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही हो म्हणालात तर मी झोपेन."

झाबेलला सगळं ठाऊक होतं. औषध नव्हे, हे बाईंनी तिला सर्वांत आधी सांगितलं होतं. नवऱ्याने तिच्या वाट्याची गोळी घ्यावी म्हणून तिने तो पेला पुढे केला होता, आणि पेला विश्वासाचा वाटावा म्हणून बाईंना. समोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून बाई म्हणाल्या,

"हो. तोडीचंच होतं. तिची वेळ आली होती, तोरोस."

तो टेबलावर डोकं टेकून रडला. घरी येऊन बाईंनी यंत्राची वायर काढून ठेवली.

दोन आठवड्यांनी तोरोस स्वतः त्यांचा जिना चढून आला. दारातच धाप लागली होती. हातात रिकामी बाटली.

"मलाही करून द्या. गोळ्या बंद करतो. नायिरीने पाठवल्यात भरपूर, त्या खालच्या मजल्यावरच्या बाईला देऊन टाकतो, तिला मिळत नाहीत. झाबेलने जे घेतलं तेच मी घेतो."

"गोळ्या बंद करू नका."

"का? तोडीचं आहे म्हणालात ना."

बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने पेला तसाच बाजूला ठेवला.

"तोरोस, त्यात नुसतं जीवनसत्त्व आहे. हृदयाला त्याचा काही उपयोग नाही. गोळीची जागा ते घेऊ शकत नाही. कधीच घेऊ शकलं नसतं."

"बाई, तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात की आज बोलताय?"

"त्या दिवशी."

त्याने बाटली हातात फिरवली. "आणि तिला माहीत होतं?"

"होतं."

"तुम्हाला?"

"गोळी सोडल्याचं माहीत नव्हतं. पण धाप गेली म्हणाली तेव्हा मी गप्प बसले. बोलायला हवं होतं. मला स्तुती आवडली."

तोरोस उठला. बाटली त्याने दाराजवळ जमिनीवर ठेवली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. बाई वरून ऐकत राहिल्या; मधे तो दोनदा थांबला.

झाबेल जाऊन चाळीस दिवस झाले तेव्हा प्रथेप्रमाणे चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. बाहेर आल्यावर बाई त्याच्याजवळ गेल्या.

"गोळ्या घेताय ना?"

"घेतो," तो म्हणाला. "तिने स्वतःच्या तोंडातून काढून मला दिल्या होत्या. आता सोडायचा अधिकार नाही मला." मग म्हणाला, "तुमच्यावर राग नाही, बाई. खरंच नाही. पण माझ्याकडे येऊ नका आता. तुम्ही दारात दिसलात की तुमच्या हातात पेला दिसतो."

बाई गेल्या नाहीत. यंत्र त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या सोनाराला दिलं. कुणी बाटली मागायला आलं तर दारातूनच सांगायच्या, आता करत नाही.

पुढच्या वसंतात नायिरीने वडिलांना मॉन्ट्रियलला बोलावून घेतलं. निघायच्या सकाळी सगळी गल्ली खाली जमली होती. बाई वर बाल्कनीत होत्या. तोरोसने भाजीवाल्याला मिठी मारली, सोनारांचे हात हातात घेतले, खालच्या मजल्यावरच्या बाईने दिलेली सुजुकची, मसालेदार सुक्या सॉसेजची, पुरचुंडी कोटाच्या खिशात कोंबली. वर त्याने पाहिलं नाही. गाडी वळणाआड गेली, लोक पांगले, तरी बाई तिथेच उभ्या होत्या. समोर झाबेलच्या बाल्कनीची झडप घर बंद करायला थांबलेलं कुणीतरी आतून ओढून बंद करत होतं.